सकाळी घाम, दुपारी एसी, संध्याकाळी वळीव: उन्हाळ्याचे कपडे दर वर्षी का फसतात

सकाळी पावणेनऊला सिग्नलवर पाठ ओली. अकरा वाजता ऑफिसात एसीच्या झोताखाली अंगावर काटा. साडेपाचला बाहेर पडावं तर आभाळ काळंकुट्ट, आणि नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत वळवाने धुऊन काढलेलं. पुण्यात दुचाकीवरून कामाला जाणाऱ्या कुणालाही मे महिन्यातल्या दिवसाचं वर्णन करायला सांगा, साधारण असंच ऐकू येईल.

या दुखण्यावर मी पाच-सहा वर्षं चुकीचं औषध घेत होते. मार्च उजाडला की लक्ष्मी रोड, नाहीतर मोबाइलवरचा सेल, आणि चार नवे कुर्ते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातले तीन कपाटाच्या तळाशी. पुढच्या मार्चला पुन्हा चार. धाकटी बहीण एकदा म्हणाली, "ताई, तुझ्याकडे कपडे कमी नाहीत, ते वाळत घालायच्या दोऱ्या कमी आहेत." तेव्हा राग आला. नंतर कळलं की तिने रोगाचं निदानच केलं होतं.

२०२५च्या मे महिन्याने ते पटवलं. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. कुलाब्याला त्या एका महिन्यात २९५ मिलिमीटर पाऊस झाला आणि १९१८ पासूनचा मे महिन्याचा विक्रम मोडला. इकडे माझ्या घरात उन्हाळ्यासाठी घेतलेले कपडे आतल्या खोलीत पंख्याखाली दोऱ्यांवर लोंबत होते आणि दुसऱ्या दिवशीही काखेत, नेफ्यात ओलेच होते. खरेदी करताना मी नेहमी एकच बघायचे, कापड अंगाला गार लागतंय का. भिजलं तर ते किती वेळात वाळेल, हे कधीच बघितलं नव्हतं. आणि आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे दिवसातून दोनदा भिजणं, एकदा घामाने आणि एकदा पावसाने.

आधी घरातली तपासणी

नवीन काही घेण्याआधी हे एकदा करा. एक रविवार पुरतो. उन्हाळ्यात तुम्ही जे खरोखर वापरता त्यातले पाच-सहा कपडे बादलीत भिजवा, हाताने पिळा (मशीनमध्ये नको, कारण वळवात भिजल्यावर तुम्हाला कुणी मशीनमधून फिरवून काढत नाही), आणि सावलीत एका दांडीवर टांगा. दर अर्ध्या तासाने हात लावून बघा. नुसता पुढचा भाग नाही, काख, कॉलर, नेफा आणि खिसे.

माझ्याकडे मलमलीचा दुपट्टा चहा होईपर्यंत जवळजवळ वाळला होता. साधा सुती कुर्ता दुपारच्या जेवणापर्यंत. लेगिंगला संध्याकाळ झाली. जीन्सचा कमरपट्टा दुसऱ्या दिवशी सकाळीही दमट. यात आश्चर्य काही नाही, चांगल्या जाड जीन्सचं कापड चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं आणि मलमल शंभरच्याही आत असते. आश्चर्य वाटलं ते 'खास उन्हाळी' म्हणून घेतलेल्या, सगळ्यांत महाग कुर्त्याचं. तो शेवटून दुसरा आला. का, ते पुढे सांगते.

आणि हो, पॉलिस्टरचा टॉपही लवकर वाळला. मग तोच का घालू नये? कारण तो पाणी पितच नाही. सर्वसाधारण दमट हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, लिनन बारा टक्क्यांच्या आसपास, रेयॉन त्याच्याच तोडीचा, आणि पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे घाम कापडात न जाता अंगावरच ओघळत राहतो, आणि घामाचा तेलकट वास मात्र पॉलिस्टर सुतापेक्षा जास्त धरून ठेवतं. खेळाडूंचे टीशर्ट वेगळे, त्यांची वीणच घाम बाहेरच्या बाजूला पसरवण्यासाठी केलेली असते. पण तो टीशर्ट घालून तुम्ही मीटिंगला बसणार नसाल तर उत्तर एकच उरतं, पातळ सूत. 'सुती' एवढ्यावर भागत नाही, पातळही हवं.

"प्युअर कॉटन घेतलं, तरी उकडतं"

सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार ही, आणि हिची कारणं बहुतेक वेळा कापडाच्या आत लपलेली असतात. कुर्ता उलटा करा. आत अस्तर आहे? असेल तर ते हाताला घसरतं का? बाहेरून सुंदर छापील सूत आणि आतून पॉलिस्टर क्रेपचं अस्तर, हा तयार कुर्त्यांमधला नेहमीचा प्रकार. अंगाला लागतं ते अस्तर, म्हणजे तुम्ही पैसे सुताचे दिलेत आणि घातलंय पॉलिस्टर. माझा तो महाग कुर्ता असाच निघाला, वर बाहेरचं कापडही जाड. अस्तर काढून टाकलं, आत सुती शमीज घालायला लागले, आणि तोच कुर्ता आता सगळ्यांत जास्त वापरात आहे. शिंपीकाकांनी अर्ध्या तासात काढून दिलं. शिवून घेत असाल तर अस्तर सुतीच हवं असं तोंडाने सांगा. न सांगता बहुतेक ठिकाणी जे हाताशी आहे ते लागतं.

दुसरं कारण, ते सूत नसून रेयॉन असतं. रेयॉन वाईट नाही. गार लागतं, छान पडतं, रंग खुलतात. पण ते पाणी भरपूर पितं, ओलं झालं की जड होऊन लोंबतं, आणि ओल्या अवस्थेत त्याची ताकद निम्म्यावर येते. वळवात भिजलेला रेयॉनचा कुर्ता स्कूटरवरून उतरताना काखेत उसवतो तो म्हणूनच. जाळून बघायची जुनी युक्ती इथे कामाची नाही, कारण सूत आणि रेयॉन दोन्ही कागदासारखेच जळतात आणि राखही सारखीच होते. त्या युक्तीने फक्त पॉलिस्टर पकडलं जातं, ते वितळून काळा कडक मणी होतो. रेयॉन ओळखायचं तर शिलाईच्या आतून एक धागा काढा, मधोमध जिभेने ओला करा आणि दोन्ही टोकं ओढा. ओल्या जागी पटकन तुटला तर रेयॉन. सुताचा धागा ओला झाला की उलट जास्त चिवट होतो. दुकानात हे करताना दुकानदार तुमच्याकडे बघेल. बघू द्या.

तिसरं, खळ. ताक्यावरचं कापड कडक, कोरं वाटतं आणि पहिल्या धुण्यात लुळं पडतं. घेण्याआधी एक कोपरा दोन्ही हातांत धरून एकमेकांवर चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा चोळलेला भाग एकदम विरळ दिसला तर खळच जास्त आहे. मग मोबाइलचा टॉर्च कापडामागे धरून वीण बघा. उजेड सगळीकडे सारखा येतो का, की मध्येमध्ये भोकं दिसतात?

ऑनलाइन घेताना हे काहीच करता येत नाही, त्यामुळे तिथे शब्द वाचायचे. 'कॉटन ब्लेंड', 'कॉटन फील', 'लिनन लूक', 'सॉफ्ट कॉटन सिल्क'. कॉटन या शब्दाला शेपूट लागलं की समजावं, काहीतरी मिसळलंय. टक्केवारी लिहिलेली नसेल तर मी पुढे जात नाही.

गाव बदललं की उत्तर बदलतं

नागपूर-चंद्रपूरकडच्या मैत्रिणीला माझा सल्ला लागू पडत नाही. तिथे एप्रिल-मेची हवा कोरडी, घाम आला तसा उडून जातो, त्रास थेट उन्हाचा आणि गरम वाऱ्याचा. तिथे अंग जितकं झाकाल तितकं बरं. सैल, लांब बाह्यांची, थोडी दाट विणीची खादीसुद्धा चालते, वर डोक्या-कानाभोवती दुपट्टा. स्लीव्हलेस घालून दुपारी बाराला बाहेर पडणं ही तिथे हौस नाही, चूक आहे.

मुंबई-कोकण-गोव्यात उलट. हवाच ओली, घाम उडत नाही, तो कापडात साठतो. तिथे वीण विरळ, माप सैल आणि काखेला जागा भरपूर हवी. अंगाला चिकटणारं काहीही नको. गडद निळा, पांढरा किंवा दाट छाप्याचा रंग घ्या. फिकट राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचा नकाशा उमटतो, तो लोकलमध्ये सगळ्यांना वाचता येतो.

पुणे, नाशिक, सातारा हे मधलं प्रकरण. एप्रिलमध्ये नागपूरसारखं वागायचं, मेच्या मध्यापासून मुंबईसारखं. म्हणून आमच्याकडे एकाच प्रकारचे आठ कपडे घेणारा फसतो.

एक सावधगिरी. पातळ पांढरी मलमल कितीही गार असली तरी तिच्यातून ऊन बऱ्यापैकी आत शिरतं. दुचाकीवर तासभर जायचं असेल तर वर दाट विणीचा, सैल सनकोट हवाच. पुण्यात रस्त्याकडेला टांगलेले ते पांढरे, फुलाफुलांचे सनकोट दिसायला बावळट, यात वाद नाही. मी वीस वर्षं नाकं मुरडली आणि आता दोन आहेत माझ्याकडे, एक धुण्यात, एक अंगावर. घेताना बोटांचा पंजा वेगळा न जोडता बाहीच लांब आलेली असेल तो घ्या. आणि पूर्ण सुतीच घ्या, चकचकीत कापडाचा सनकोट म्हणजे चालतं-फिरतं स्टीमर.

ऑफिसातली थंडी

खोलीसाठीच्या नव्या एसीचं सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम २०२० पासून आहे. त्याचा आमच्या मजल्यावर काही उपयोग नाही, कारण रिमोट ज्याच्या ताब्यात आहे तो गृहस्थ झोताच्या बाजूला बसत नाही. यावर लोक खुर्चीला एक जाड स्वेटर लटकवून ठेवतात. तो जूनपर्यंत धुतला जात नाही आणि त्याला कुबट वास सुटतो. मी स्वेटर सोडला. त्याऐवजी सैल, पूर्ण बाह्यांचा खादीचा शर्ट, पुढून उघडा, कुर्त्यावरून घालते. गार पडलं की बटणं लावायची, जिना उतरताना काढून पिशवीत. पुरुषांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून थंडी सोसण्यापेक्षा लांब बाह्या कोपरापर्यंत दुमडाव्यात, एसीत खाली सोडाव्यात. एवढं साधं आहे. आणि टेरीकॉटला, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या सुताला, इस्त्री लागत नाही म्हणून उन्हाळ्यात तोच वापरणाऱ्या माझ्या नवऱ्याला हे मी सांगून थकले आहे.

मुख्य म्हणजे घामेजल्या कापडाने एसीत जाऊन बसू नका. थंडी वाजते ती हवेपेक्षा ओल्या पाठीमुळे. ऑफिसात पोचल्यावर सनकोट आणि आतली बनियन बदलली तरी निम्मं काम होतं.

वळीव गाठतो तेव्हा

वळीव तीन-चारच्या पुढे येतो. दिवसभर तापलेली जमीन, समुद्रावरून आलेली ओली हवा, आणि दुपार कलली की ढग उभे राहतात. सकाळच्या निळ्या आभाळाकडे बघून कपडे ठरवणं यात काहीच हशील नाही. मी आता सकाळी एवढंच बघते की अंगावरचा खालचा कपडा घोट्याच्या वर आहे ना. पायघोळ पलाझो चिखल शोषत गुडघ्यापर्यंत चढवतो, लेगिंग पायाला ओल्या पट्टीसारखी चिकटते. सुती, सरळ, घोट्याच्या चार बोटं वर संपणारी पँट यात सगळ्यांत कमी त्रास देते. तयार मिळाली नाही तर शिवून घ्या. नेफ्यात पूर्ण इलॅस्टिक नको, पुढे पट्टी आणि मागे थोडं इलॅस्टिक, म्हणजे लवकर वाळते.

कोल्हापुरी चप्पल मेच्या पंधरा तारखेनंतर घरात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये परदेशी रॅम्पवर तिच्यासारखी चप्पल झळकली आणि भांडण झालं, सगळं खरं, पण झाडांच्या साली-फळांवर कमावलेलं चामडं पाण्यात फुगतं आणि तळ सुटतो, हे कुठलंही मानांकन बदलू शकत नाही. एप्रिलमध्ये कोरड्या हवेत घाला, आठवड्याला एरंडेलाचं बोट फिरवा. भिजलीच तर उन्हात नको, कागद भरून सावलीत ठेवा.

डिक्कीत कायम एक गाठोडं: एक मलमलीचा दुपट्टा, एक सुती कुर्ता, रबरी चप्पल आणि ओले कपडे परत आणायला एक प्लॅस्टिकची पिशवी. ही पिशवी रात्री रिकामी करायची असते. मी एकदा शुक्रवारी विसरले. सोमवारी डिक्की उघडली तेव्हा शेजारचे काका लांबूनच म्हणाले, "मांजर मेलंय का कुठे?"

लग्नाचं घर आणि पैठणी

मेमध्ये लग्नं असतात आणि ती बहुतेक कार्यालयाच्या लॉनवर असतात, इथे सगळे नियम कोलमडतात. माझं मत सरळ आहे. करवली किंवा नवऱ्यामुलाची आई असाल तर पैठणी नेसा आणि सोसा. पाहुणी म्हणून जात असाल तर भर उन्हात रेशीम नेसून कुणावरही उपकार होत नाहीत.

मधला मार्ग आपल्याच कपाटात आहे. महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, त्यामुळे चमकही राहते आणि वाराही लागतो. इरकलमध्ये सुती अंगाची, रेशमी पदराची साडी मिळते, पदर आणि काठ बघणाऱ्याला दिसतात, अंगाला लागतं ते सूत. नारायणपेठ सुतीत घ्या. दुकानात नुसतं 'इरकल' म्हटलं की चकचकीत कृत्रिम धाग्याचीही पुढे येते, तेव्हा वरची धागा ओला करायची युक्ती विसरू नका, आणि मणी होतो का तेही एका धाग्यावर बघून घ्या.

साडीपेक्षा जास्त घात ब्लाउज करतो. ब्रोकेडच्या ब्लाउजला आत सुती अस्तर, काखेत वेगळी कळी (जोडलेला तुकडा) आणि दोन्ही बाजूंना इंचभर माया, म्हणजे शिलाईच्या आत जास्तीचं कापड, सोडायला सांगा. काखेत घाम टिपणारे सुती पॅड टाके घालून लावता येतात, काढून धुता येतात. परकर सुतीच, सॅटिनचा नको. शेपवेअर घालायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी एकदा मेमध्ये घातलं आणि पंगतीतून उठले.

रेशमावर पावसाचे थेंब पडलेच तर चोळू नका. डाग पाण्याने पडत नाही इतका चोळण्याने पडतो. सुती पंच्याने दाबून टिपा, घरी येऊन साडी घडी न घालता सावलीत पसरा, आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय कपाटात ठेवू नका. घामाने जरीचा धागा काळा पडतो, म्हणून नेसून झाल्यावर रात्रभर वाऱ्यावर टाकायची आजीची पद्धत अगदी बरोबर होती.

वास, पिवळे डाग, खाज

काखेतला पिवळा डाग बहुतेक वेळा घाम आणि डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून होतो. त्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर तो आणखी पिवळा पडतो. डिओ लावून वाळू द्या आणि मगच कपडा घाला, एवढ्याने नवीन डाग थांबतात. कुबट वासाचे कपडे पुन्हा साबणात टाकून फायदा नाही, शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला आणि मिळेल तेव्हा कडक ऊन दाखवा. आतले कपडे जराही दमट असतील तर घालू नका, नायटा होतो तो याच दिवसांत. झालाच तर मेडिकलमधून कुठलंही मलम आणून चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइड असलेली मलमं आधी बरं वाटायला लावतात आणि मग नायटा पसरवतात.

मग विकत काय घ्यायचं

यादी छोटी आहे. दोन मलमल किंवा पातळ कॅम्ब्रिकचे (बारीक विणीचं सुती कापड) सैल कुर्ते, एक खादीचा शर्ट वरून घालायला, दोन घोट्याच्या वरच्या सुती पँट, एक सनकोट, तीन सुती शमीज. पैसे कमी असतील तर आधी शमीज आणि पँट. कुर्ते तुमच्याकडे आहेत, फक्त त्यांची अस्तरं काढा. पैसे जास्त असतील तर एक लिननचा शर्ट, चुरगळतो याची लाज न बाळगता. लिनन ओला झाला तरी चिवट राहतो आणि लवकर वाळतो.

शिवून घेणार असाल तर कापड फेब्रुवारीत घ्या. मार्चमध्ये गर्दी सुरू होते आणि एप्रिलमध्ये लग्नाच्या ब्लाउजांखाली शिंप्याकडे तुमचा कुर्ता दबून जातो. ४४ इंची पन्ह्यात लांब कुर्त्याला अडीच मीटर लागतं, सूत आटतं म्हणून दहा-पंधरा सेंटीमीटर जास्त मागा. आणि शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता वाळवा. हे मी दर वेळी करते असं सांगायला आवडलं असतं. गेल्या वर्षी घाईत केलं नाही, आणि गुडघ्याखाली येणारा कुर्ता दुसऱ्या धुण्यानंतर गुडघ्यावर आला. आता तो खादीच्या शर्टाच्या जागी, खुर्चीच्या पाठीवर असतो.